तारीख नसलेली आई

सोमवार, ३ फेब्रुवारी

पाळकसाहेब,

आशीर्वाद लिहीत नाही. मोठी बहीण म्हणून लिहायला हवा, पण आत्ता हातातून उतरत नाही. उतरला की पाठवीन.

फोन तू उचलत नाहीस. उचललास तर माझी दोन वाक्यं व्हायच्या आत "ताई, आधी प्रार्थना करू या" म्हणतोस आणि सुरूच होतोस. म्हणून पत्र. पत्रात मध्येच आमेन म्हणून मला गप्प करता येणार नाही.

आई गेल्या मंगळवारी न्हाणीघरात पडली. हाड मोडलं नाही, पण तपासणीत हृदयाचं निघालं. डॉक्टर मला बाहेर घेऊन सांगायला लागला, तर आई आतून ओरडली, "इथेच सांगा, मी छत्तीस वर्षं नर्स होते." महिना, फार तर दीड महिना, असं म्हणाला तो. तिने वॉर्डमधला रिपोर्ट ऐकावा तसं ऐकून घेतलं आणि त्याला विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंत का हो तुम्ही?" मरणाला ती घाबरत नाही, हे मी तुला छातीठोक सांगते.

पण गुरुवारी सकाळी मी तिचे केस विंचरत होते. एकदम म्हणाली, "मला आत घेतील ना गं?"

मला वाटलं, हॉस्पिटलचं बोलतेय. म्हटलं, "कुठे आत?"

"तिथे. माझ्या नावापुढे तसं लिहिलंय ना वहीत."

ब्याऐंशी वर्षांची बाई, आयुष्यात कुणाचं वाकडं केलं नाही, आणि शेवटच्या महिन्यात तिला ही धास्ती. कुणी घातली? तू घातलीस. तिच्या पोटच्या पोराने.

आठवण करून देते, कारण तुझ्यासाठी ते एक कामकाज होतं. अकरा वर्षांपूर्वी तू नवा नवा पाळक झालास आणि पहिल्याच महिन्यात ती लाल पुठ्ठ्याची वही काढलीस. नाव, नव्या जन्माची, म्हणजे प्रभूला स्वीकारल्याची, तारीख, वेळ, ठिकाण. ज्याला तारणाची खात्री आहे त्याला आपलं तारण कधी झालं ते सांगता आलंच पाहिजे, आणि ज्याला सांगता येत नाही त्याने प्रभुभोजनाच्या भाकरीला हात लावू नये, असं तू खणखणीत आवाजात म्हणालास. लोक एकेक करून उभे राहिले. कुणाचं तारण आजारपणात झालेलं, कुणाचं बसमध्ये, एकीचं सासूशी भांडण झाल्यावर पाटीभर भांडी घासताना. सगळ्यांकडे तारखा. मग आई उठली, चष्मा सारखा केला आणि म्हणाली, "मला तारीख नाही सांगता यायची. मला कळायला लागलं तेव्हापासून तो आहेच. तो नव्हता असा दिवसच मला आठवत नाही."

आणि तू लिहिलंस, "खात्री नाही". वर मोठ्याने वाचूनही दाखवलंस.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीचं ताट बाकावरून सरकत येतं, ती ते दोन्ही हातांनी घेते आणि न खाता पुढच्याला देते. मागच्या बाकावर बसली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण नाही, दुसऱ्या बाकावरची जागा तिने सोडली नाही. एकदाही गैरहजर नाही. शेजारी मी असायचे. त्याबद्दल आत्ता विचारू नकोस.

चार वर्षांपूर्वी तू मोठ्या मंडळीच्या चर्चमध्ये गेलास, वही इथेच राहिली. नवे पाळक माणूस भला आहे, पण फुंकर मारली तर पडेल असा. मी गेले त्यांच्याकडे. म्हणाले, "तुमच्या भावाने लिहिलेलं मी कसं खोडू? त्यांनी एक ओळ लिहून दिली तर लगेच खोडतो."

तर एक ओळ लिही. "माझ्या आईच्या नावापुढचं खोडावं." खाली सही. पाकिटावर पत्ता घालून, तिकीट लावून सोबत पाठवतेय. तुला फक्त थुंकी लावून चिकटवायचंय.

ताई

बुधवार, १२ फेब्रुवारी

पाळकसाहेब,

एक ओळ मागितली तर चार पानं आली. मुद्दा एक, मुद्दा दोन, मुद्दा तीन अ, मुद्दा तीन ब. आई मरायला टेकली आहे रे, तिला तू परीक्षेचं उत्तर लिहून पाठवतोस?

"रक्ताच्या नात्यासाठी नियम वाकवला तर मंडळीला काय तोंड दाखवू?" हे वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मंडळीला तोंड दाखवायची काळजी आहे. आईला दाखवायची नाही.

आणि शेवटी काय, तर "आईने शांतपणे मागे वळून पाहावं, एखादा तरी दिवस सापडेल." अरे, तेच करतेय ती! रात्रंदिवस तेच! पलंगावर पडून छताकडे बघत ओठ हलवत असते. मला आधी वाटलं प्रार्थना करतेय. जवळ जाऊन ऐकलं तर दिवस हुडकत होती. "बाबा गेले तेव्हा? नाही, तेव्हा तर तो होताच. शाळेत ताप आला होता तेव्हा? तेव्हाही होता." एखाद्याने घरभर किल्ली शोधावी तशी. जेवण अर्ध्यावर आलंय. काल मला म्हणते, "तो शिकलेला आहे गं. त्याला माझ्यात काही दिसलं नसेल, म्हणूनच त्याने लिहिलं. स्वतःच्या आईबद्दल कुणी उगाच लिहील का?" म्हणजे तुझ्यावरच्या विश्वासापायी ती स्वतःला बुडवून बसली आहे. घे, मिरव आता.

मी एक गोष्ट केली. तुला राग येईल, येऊ दे. मी तिच्या पलंगावर बसले आणि म्हटलं, "आई, सांग ना एखादी तारीख. कुणाला काय कळणार? तुझ्या लग्नाची सांग, माझ्या वाढदिवसाची सांग. तोही खूश, पाळकही खूश, वहीही खूश."

एवढी चिडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. उठून बसली. दम लागत होता तरी बोलली. "मी जन्माच्या नोंदीत आजवर एक मिनिट खोटं लिहिलं नाही. स्वतःचं लिहू?"

तुला ती गोष्ट ठाऊक आहे का, मला माहीत नाही. वॉर्डातल्या बाकीच्या नर्सा साडेचार, पाच, असं सरळ लिहायच्या. आई लिहायची चार सतरा, चार एकोणपन्नास. एकदा मोठा डॉक्टर उशिरा आला. बाळ आधीच झालेलं, आणि बाळंतिणीचं थोडक्यात निभावलेलं. तो म्हणाला, "सिस्टर, वीस मिनिटं पुढची वेळ टाका, म्हणजे मी हजर होतो असं दिसेल." आईने टाकली नाही. त्यापायी ती कधीच हेडनर्स झाली नाही. आपल्यापेक्षा लहान बायकांच्या हाताखाली तिने शेवटची बारा वर्षं काढली. अशा बाईला तू तारखेवरून नापास केलंस. तिला खोटं बोलता आलं असतं तर अकरा वर्षं पोटभर खाल्लं असतं तिने, त्यातली सात तुझ्याच हातून.

तुझी चार पानं मी तिला वाचून दाखवली नाहीत. विचारलं तेव्हा सांगितलं, "कामात आहे, लवकर लिहितो म्हणालाय." म्हणजे तुझ्यासाठी मी खोटं बोलले. मला जमतं ते.

ताई

सोमवार, १७ फेब्रुवारी

पोपटा,

आज पाळकसाहेब म्हणत नाही. लहानपणीच्या नावाने हाक मारतेय, कारण आजचं बोलणं तेव्हाचं आहे.

काल मी चर्चमध्ये गेले. नऊ वर्षांनी. शिवण कारखान्यातली दोन मशीनं अडली होती म्हणून सकाळीच काम होतं, तिथून तशीच गेले. तेलाचे हात, पिशवीत पाने आणि स्क्रूड्रायव्हर. उपासना संपल्यावर चर्चचा कारभार बघणारे तुझे ते पंच, ते दातांचे डॉक्टर, माझ्याकडे बघून असे हसले की जणू हरवलेलं मेंढरू आलं. मी म्हटलं, "वही दाखवा."

"कशासाठी?"

"माझ्या आईचं नाव कसं दिसतं ते बघायचंय."

नको-नको करत काढली. आईचं पान बघितलं. तुझं अक्षर सुरेख आहे हो. "खात्री नाही" हे इतकं वळणदार लिहिलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

मग सहज पहिलं पान उलटलं. पहिलं नाव तुझंच. नव्या जन्माची तारीख, चौदा मे. वेळ, संध्याकाळचे सात. ठिकाण, तरुणांचं शिबिर, टेकडीवरच्या झाडाखाली. तुझी ती साक्ष, जी तू आजवर शंभर ठिकाणी दिली असशील. लोक रडतात म्हणे ऐकून.

चौदा मे. त्या वर्षी तू पंधरा वर्षांचा होतास. पोपटा, चौदा मेला संध्याकाळी सात वाजता तू कुठल्याही टेकडीवर नव्हतास. तू आपल्या घरात, माझ्या खोलीत, माझ्या पलंगावर होतास. तुला गालगुंड झालं होतं आणि शिबिरवाल्यांनी बारा तारखेलाच घरी पाठवलं होतं. मी विसरेन असं वाटलं तुला? पंधरा मेला माझी मेकॅनिकची परीक्षा होती, आणि चौदाच्या संध्याकाळी तू माझ्याच पलंगावर कण्हत होतास म्हणून माझा अभ्यास होत नव्हता. वर्षातून एकदाच व्हायची ती परीक्षा. मी तुझ्यावर उशी फेकली होती. ती उशी तुझ्या सुजलेल्या गालावर बसली आणि तू भोकाड पसरलंस. काही नवा जन्म वगैरे झाला नाही. मी साक्षीदार आहे.

माझ्या डोक्यात जाळ झाला. आईला तारीख नाही म्हणून तू तिला ताटावरून उठवलंस, आणि तुझी स्वतःची तारीख थापेबाजी!

आता नीट ऐक. येत्या रविवारी मी उभी राहणार आणि सगळ्यांसमोर हे सांगणार. तुझ्या मोठ्या मंडळीलाही पत्र टाकणार. तुझ्याकडे शनिवारपर्यंत वेळ आहे. त्याआधी ती एक ओळ आली तर माझं तोंड बंद.

दुसऱ्या पानावर माझं नाव होतं. तू लिहायच्या आधी मीच सांगते. माझीही तारीख खोटी आहे. सगळे उठत होते, माझी पाळी आली, मी काहीतरी ठोकून दिलं. पुढची पाळी आईची होती. ती खरं बोलली आणि मग पुढची दोन वर्षं मी तिच्या शेजारी बसून खात राहिले आणि ती ताट पुढे सरकवत राहिली. ती एकदा माझ्याकडे बघून हसली, "खा गं," म्हणाली, आणि त्यानंतर मी चर्चला गेले नाही. लोकांना सांगितलं, कारखान्यात काम फार असतं.

ताई

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

पोपटा,

घाबरू नकोस. रविवारी मी उठणार नाही. आईने शपथ घातली आहे. तुझं नशीब.

मंगळवारी मी एक मशीन दुरुस्तीला घरी आणलं, आईजवळ बसता यावं म्हणून. ते खोलता खोलता मी तिला सगळं सांगितलं. विजयी मुद्रेनेच सांगितलं, खोटं कशाला बोलू. मला वाटलं, आता तिच्या डोळ्यांवरची पट्टी निघेल. माझा पोपट किती गोड बोलतो म्हणून जी वाहवा चालते ती थांबेल.

ती म्हणाली, "माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"चौदा मेला मी त्याच्या गालाला शेक देत होते ना."

स्क्रू खाली पडला तो पलंगाखाली गेला, अजून सापडला नाही.

तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं! जूनमध्ये शिबिराची सगळी मुलं चर्चमध्ये पुढे बोलावली होती. एकेकाने तारीख सांगितली, तुझी पाळी आली तेव्हा तुझे कान लाल झाले आणि तू तुझ्या आधीच्या मुलाचीच तारीख, त्याचंच झाड, त्याचीच टेकडी सांगून मोकळा झालास. आई दुसऱ्या बाकावर बसली होती. "घरी आल्यावर विचारीन म्हटलं," ती सांगत होती, "पण घरी आला तो इतका आनंदात होता. सगळ्यांनी पाठ थोपटली होती. म्हटलं, उद्या विचारू. मग उद्याचा परवा झाला. मग तो पाळक व्हायला निघाला. चूक माझी आहे. आईने विचारायला हवं होतं."

मी ओरडलेच. "आणि त्याने तुला उभं करून 'खात्री नाही' लिहिलं तेव्हा? तेव्हा का नाही बोललीस?"

"शे-दीडशे लोकांसमोर? माझ्या पोराला?"

असं म्हणाली आणि तिला रडू आलं. स्वतःसाठी नाही रे, तुझ्यासाठी. "त्याच्याकडे काहीच नाही गं," म्हणाली. "त्या एका तारखेवर उभा आहे, आणि ती आपली नाही हे त्याला ठाऊक आहे. म्हणून तो ज्याला त्याला तारीख विचारत सुटलाय. त्याला मनातून सारखी भीती वाटत असणार. लहानपणी पण अंधारात तोच मोठ्याने गायचा."

मी चिडून म्हटलं, "मग त्याला तारीख हवी तर देवाकडे जाऊन विचार म्हणावं."

ती माझ्याकडे बघायला लागली. मला वाटलं, दुखायला लागलं की काय. मग हळूहळू, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "छत्तीस वर्षं मी वेळा लिहिल्या. एकाही पोराने मला आपली वेळ सांगितली नाही. पोराला कुठे माहीत असते? ते रडतं, श्वास घेतं, दूध मागतं. वेळ आम्ही लिहायची." आणि एकदम हसायला लागली. दम लागेपर्यंत. "अगं, मी अकरा वर्षं काय शोधत बसले होते? ते मला कुठून ठाऊक असणार! ज्याने जन्म दिला त्याला ठाऊक असेल की!"

बस, एवढंच. कुणी प्रवचन दिलं नाही, डोक्यावर हात ठेवला नाही. मी हातात तेलाची चिंधी घेऊन बसले होते. पोपटा, मला या गोष्टींतलं फारसं कळत नाही, आणि कळत असल्याचा आव आणायचे दिवस माझे संपले. पण मी तिचा चेहरा पाहिला. तिचं छताकडे बघणं थांबलं आहे. त्या दिवशी पोटभर जेवली, वर मीठ कमी आहे म्हणून मला बोलली. मला इतका आनंद झाला की मी पण तिला उलटून बोलले.

तुझ्यावरचा माझा राग मात्र तसाच आहे, वाढलाय उलट. ही बाई सगळं पोटात घालून तिथे बसून राहिली, आणि तू वरून तिच्यावर दया दाखवत होतास. तिला आता तुझी ओळ नको. ती म्हणते, "त्याला ये म्हणावं, नुसता ये." मी निरोप कळवला. यायचं की नाही ते तू बघ.

ताई

गुरुवार, २७ फेब्रुवारी

पोपटा,

तुझं पत्र सोबत परत पाठवतेय. फाडणार होते. आईने हातातून काढून घेतलं.

"वैद्यकीय कारणास्तव सदर भगिनीस प्रभुभोजनाच्या नियमातून सूट देण्यास हरकत नाही." सदर भगिनी! अरे, ती तुझी आई आहे! आणि सूट कसली? शाळेतल्या कवायतीची? मी वाचून दाखवलं तर आई म्हणाली, "सूट नको म्हणावं. माझी तब्येत उत्तम आहे." आणि मग आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारीण दारात येऊन बघून गेली, हिच्या घरी आजारी माणूस आहे की लग्न आहे.

हसून झाल्यावर मी न्हाणीघरात जाऊन रडले. तुला माझं ते पत्र मिळालं होतं. त्यात मी लिहिलं होतं की आईला सगळं माहीत आहे. आणि तू त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस. चौदा मे नाही, गालगुंड नाही, काही नाही. फक्त शिक्का मारलेला कागद, आणि खाली बारीक अक्षरात, "सहा ते आठ मार्च शिबिर आहे, त्यानंतर वीस तारखेच्या आसपास येण्याचा प्रयत्न करतो."

शिबिराची पत्रिकाही घातलीस पाकिटात, चुकून की मुद्दाम देव जाणे. विषय, "तारणाची खात्री". वक्ता, तू. तीन दिवस, तीनशे लोक. निर्लज्जपणाची हद्द झाली! जिला खात्री आहे ती इथे पलंगावर तुझी वाट बघतेय, आणि ज्याला नाही तो तिथे ती वाटायला निघालाय.

वीस तारीख म्हणे. डॉक्टर काल येऊन गेला. नाडी बघताना माझ्याकडे बघितलंच नाही त्याने. पायांवर सूज चढली आहे. वीस तारीख विसर.

ताई

सोमवार, ३ मार्च

पोपटा,

हे पत्र मी पोस्टात टाकत नाही. कारखान्याचा ड्रायव्हर तुझ्या गावाकडे माल घेऊन निघालाय, तो उद्या तुझ्या हातात देईल. त्याला सांगून ठेवलंय, वाचून होईपर्यंत समोर उभा राहा.

काल महिन्याचा पहिला रविवार होता. आई म्हणाली, "मला चर्चला ने." डॉक्टर नाही म्हणाला. मी नाही म्हणाले. ती चप्पल घालून पलंगावर बसून राहिली. शेवटी चाकाच्या खुर्चीतून नेलं. ड्रायव्हर आणि मी, पायऱ्यांवरून उचलून. दुसऱ्या बाकाच्या टोकाला खुर्ची लावली, शेजारी मी बसले.

ताट आलं. दातांचे डॉक्टर स्वतः घेऊन येत होते. त्यांना सवय झालेली, त्यांनी ताट आईच्या हातात दिलं आणि माझ्याकडे हात केला, आता इकडे येईल म्हणून. आईने ताट मांडीवर ठेवलं. एक तुकडा उचलला.

दातांचे डॉक्टर खाली वाकले आणि कुजबुजले, "बाई, वहीत तुमचं..." मी उठले. माझ्या हातात काही नव्हतं, पण माझं तोंड बघून ते एक पाऊल मागे सरले. नवे पाळक वेदीपाशी उभे होते, पांढरेफटक. आई त्यांच्याकडे बघून अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "बाळ जेवायला बसलं तर त्याला कुणी जन्मदाखला विचारतं का?" आणि त्या माणसाने, तुला खरं वाटणार नाही, त्या फुंकरीने पडणाऱ्या माणसाने मान हलवली आणि म्हटलं, "घ्या, आई."

आईने तुकड्याचे दोन भाग केले. एक खाल्ला. डोळे मिटून, सावकाश. अकरा वर्षांनी. दुसरा रुमालात बांधला.

घरी आल्यावर मी विचारलं, "हा कशाला?"

"पोपटासाठी. आपल्या हाताने भरवीन त्याला. इतकी वर्षं तो दुसऱ्यांना वाढतोय, पण स्वतः निवांतपणे जेवला नसणार. घशाखाली कसं उतरलं असेल?"

मला तुझ्याबद्दल एवढं चांगलं बोललेलं सोसत नाही, हे तिला माहीत आहे. मी म्हटलं, "आणि तो आलाच नाही तर?"

"मग तू खा."

"मी? आई, माझी तारीख खोटी आहे. तुला तेही माहीत असेलच."

"आहे की. त्याचीही खोटी, तुझीही खोटी. म्हणून तर एकच तुकडा ठेवलाय. दोघांपैकी ज्याला आधी भूक लागेल त्याला."

काल संध्याकाळपासून तिला गिळता येत नाही. पाणी चमच्याने देते, तेही ओघळतं. त्रास आहे, पण घाबरलेली नाही. मध्येमध्ये डोळे उघडते, दाराकडे बघते, मी "अजून नाही" म्हणते, ती बरं म्हणून परत मिटते. एकदाही "मला घेतील ना" म्हणालेली नाही.

तर शिबिर सोड आणि ये. तीनशे लोकांना सांग, आजारी आहे, नाहीतर खरं सांग, तुझं तू बघ. येताना मुद्दे आणू नकोस. दार मी उघडीन. माझ्याशी बोलायचा प्रयत्न करू नकोस, मी अजून तुला माफ केलेलं नाही आणि केव्हा करीन सांगता येत नाही. चपला काढ, सरळ आत जा, तिच्यासमोर बस आणि तोंड उघड.

आणि गुरुवारपर्यंत आला नाहीस, तर तो तुकडा मी खाणार आहे. हे तुला धमकी म्हणून लिहायला बसले होते. पण पोपटा, सकाळपासून मी तो रुमाल तीन वेळा उघडून पाहिला आहे. मी फार दिवस थांबू शकेन असं मला वाटत नाही. लवकर ये.

ताई